फिलोमिनाची दोरी

फिलोमिना गेल्याचा निरोप घेऊन तिचा धाकटा भाऊ पास्कू आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा क्षणभर मला आनंद झाला. वाचून विचित्र वाटेल, पण झालं ते असं. मे महिन्यातली सकाळ, गॅसवर दूध, दार वाऱ्यासाठी उघडं. पास्कू हॉस्पिटलात रात्री बहिणीजवळ असायचा, पण बापाच्या नजरेला पडायला नको म्हणून सकाळ व्हायच्या आत चारकोपला निघून जायचा. तो असा दिवसाउजेडी, भर बिल्डिंगीतून आमच्याकडे आलेला पाहिला आणि मनात आलं, बापलेकाचं मिटलं वाटतं... मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "गेली, बाई," एवढंच म्हणाला आणि उंबऱ्यावरच बसला. दूध उतू गेलं. माझ्या यजमानांनी गॅस बंद केला, पास्कूला दंडाला धरून आत घेतलं, आणि मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. वीस वर्षांपासूनची मैत्रीण गेली होती आणि माझ्या हातात दुधाचा चिमटा होता.

बोरिवलीच्या आमच्या मराठी शाळेत ती इतिहास शिकवायची, मी मराठी. ती गोराईची, कोळीवाड्यातल्या ख्रिस्ती घरातली. रोज होडीने खाडी ओलांडून, पुढे बस पकडून शाळेत यायची, आणि आमच्यासारख्या शाळेच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या बायका धापा टाकत पोचायच्या तेव्हा ही हजेरी घेऊन मोकळी झालेली असायची. आमची मैत्री जमली ती डब्यावरून. मी मालवणकडची. आमच्या दोघींचे डबे उघडले की स्टाफरूममधल्या खिडक्याही उघडायच्या. एकदा कुणीतरी पदर नाकाला लावला, तेव्हा फिलोमिना उठून माझ्या बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "सरक गं शालू. वास एका जागी असला की लोकांना बरं पडतं." त्या दिवसापासून ती कधी दुसरीकडे बसली नाही.

शिकवायची तिची तऱ्हा न्यारी होती. वर्गात ती कुठल्याही राजाचं नाव घ्यायची नाही. "राजे पुस्तकात आहेत, ते पळून जात नाहीत. परीक्षेत लिहा. वर्गात आपण कामाचं बोलू," असं मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची. कामाचं म्हणजे काय, तर माणसानं पहिल्यांदा बी पेरलं तेव्हा त्याला एका जागी का बसावं लागलं, धान्य उरलं तेव्हा ते राखायला कोण उभं राहिलं आणि राखणाराच पुढे मालक कसा झाला, मातीच्या विटेवर पहिलं अक्षर कुणी आणि कशासाठी कोरलं. साम्राज्य, कायदा, सरंजामशाही असले जडजड शब्द ती मुलांच्या हातात देऊन बघायला लावायची. सरंजामशाहीच्या दिवशी खडूची पेटी एका मुलाला द्यायची. त्यानं मूठभर खडू चौघांना द्यायचे, त्या चौघांनी एकेक तुकडा बाकीच्यांना, आणि ज्याला तुकडा मिळाला त्यानं देणाऱ्याचं दप्तर उचलायचं. तासाच्या शेवटी वर्गात मारामारी व्हायची. "आता लिहा, सरंजामशाहीचे दोष," ती शांतपणे म्हणायची. छपाईच्या शोधाला तर ती मुलांना ऑफिसातल्या सायक्लोस्टाइलच्या मशीनपुढे उभं करायची. आधी एक वाक्य कानगोष्टीनं रांगभर फिरवायचं, शेवटी त्याची पार वाट लागलेली असायची, आणि मग तेच वाक्य स्टेन्सिलवरून काढून प्रत्येकाच्या हातात. शाईनं बरबटलेली पोरं पाहून आमचे शिपाईकाका कपाळाला हात लावायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, मोठा पिरॅमिड कुणी बांधला, तर एक मुलगी उठून म्हणाली, "बांधणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, साहेब." शेरा खराब मिळाला. फिलोमिनानं त्या मुलीला पेरू दिला.

आणि तिची ती दोरी. पास्कू तेव्हा होडीवर असायचा. जुन्या होडीचा एक लांबलचक दोर त्यानं बहिणीला आणून दिला होता. त्यावर एक वीत म्हणजे शंभर वर्षं असा हिशेब धरून तिनं रंगीत चिंध्या बांधल्या होत्या. हिरवी म्हणजे पहिली शेती, तांबडी म्हणजे नदीकाठची पहिली शहरं, पिवळी कायद्याची, पुढे जांभळी रोमची, असं करत करत अगदी शेवटी निळी, युरोपातल्या धर्मसुधारणेची. आठवीचं पुस्तक तिथं संपायचं. मैदानात दोरी अंथरली की मुलं आपापल्या चिंधीपाशी उभी राहायची, आणि हिरव्या चिंधीपासून पुढे कितीतरी पावलं नुसती मोकळी दोरी पाहून म्हणायची, "बाई, इथं काहीच झालं नाही?" ती म्हणायची, "झालं ना. पेरलं, खाल्लं, पोरं वाढवली. सगळ्यात मोठं काम तेच." निळ्या चिंधीनंतर दोरी पाचच वीत उरायची. ती स्वतःच्या पंजाला गुंडाळून घ्यायची आणि टोक मुठीत धरून उभी राहायची. "हे आपण. अजून चालू आहे, म्हणून हे मोजायचं नाही." जुलै महिन्यात ओल लागली की दोर आखडायचा, मोजमाप चुकायचं, मग स्टाफरूममध्ये आम्ही तिला चिडवायचो की फिलोमिनाचा इतिहास पावसात आटतो. "आटू दे की. तेवढंच परीक्षेला कमी," ती म्हणायची. एकदा तिनं जोगेश्वरीच्या लेण्यांतही दोरी नेली. आत अंधार, गारवा, वर वस्तीचा कलकलाट. "रोमचं साम्राज्य कोसळलं त्या सुमारास आपल्या इथं कुणीतरी छिन्नी घेऊन या डोंगरात शिरलं," असं सांगून तिनं मुलांना भिंतीवरून हात फिरवायला लावला. एकाला छिन्नीचा वण सापडला, तर पुढचा अर्धा तास सगळी पोरं वणच शोधत होती.

निळ्या चिंधीचा धडा मात्र ती शिकवायची नाही. फेब्रुवारीत तो आला की तास मला द्यायची. मी मराठीची बाई, पण पुस्तक वाचून नोट्स द्यायला काय लागतं? मी देत होते. स्टाफरूममध्ये लोकांनी आपापला अर्थ लावला होता. चर्चविरुद्धचा धडा, बिचारी ख्रिस्ती, कसं बोलणार तोंडानं? मला ते पटायचं नाही, कारण चर्चमधल्या फादरांशी भांडायला ती कधी कचरलेली नव्हती. खरं कारण तिनं मला एकदा होडीत बसून सांगितलं. त्या खाडीच्या पाण्यावर ती शाळेतल्यापेक्षा निराळी असायची.

पास्कू चारकोपच्या एका प्रार्थनामंडळात जायला लागला होता. छोटं मंडळ, भाड्याची खोली, मूर्ती नाहीत, मेणबत्त्या नाहीत, संतांच्या तसबिरी नाहीत. तिथं त्यानं जाणत्या वयात पुन्हा पाण्यात बुडी घेऊन बाप्तिस्मा घेतला. त्यांचे वडील, आंतोनकाका, गावातले जुने तांडेल, होडीवरचे प्रमुख. चर्चच्या सणाला क्रूस पुढे धरणारे. "मी तान्हेपणी उचलून नेऊन दिलेला बाप्तिस्मा याला कमी पडला," हे त्यांच्या जिव्हारी लागलं. तरीही त्यांनी गिळलं असतं. पण आईच्या वर्षाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, सगळ्यांनी तिच्या नावाची मेणबत्ती लावली आणि पास्कू हात मागे बांधून उभा राहिला. आपल्या श्रद्धेत ते बसत नाही, म्हणाला. आंतोनकाकांनी भर गर्दीत सांगितलं, "आयेला मेणबत्ती नाही देत, तर माझ्या घरचा उंबरा तुला नाही." पास्कू गेला तो गेला. होडीतला वाटा सोडला, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लॅस्टिकच्या कारखान्यात लागला. गिरणी बंद पडल्यावर माझे यजमान तिथंच लागले होते, म्हणून त्याची खबर आमच्याकडून तिला कळायची. ती स्वतः त्याच्याशी बोलायची नाही. बापाच्या घरात राहत होती, बापाचं जेवण करत होती... सात-आठ वर्षं अशी गेली. "धड्यात लिहिलंय ना, चर्च दुभंगलं," ती म्हणाली, "ते वाक्य माझ्या घशात अडकतं गं शालू. तूच शिकव." मला दोघा बाप्यांचा मनस्वी राग आला. आजही येतो. देवाच्या नावानं दोघंही ताठ, आणि मधल्या मधे माझी मैत्रीण भरडली जात होती.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिचं दुखणं कळलं. पोटातलं, आणि कळायला उशीर झालेला. डॉक्टर गोल गोल बोलत होते, तिनंच सरळ विचारून घेतलं. शाळा सोडायला ती तयार नव्हती. आणि फेब्रुवारीत एक दिवस मी निळ्या चिंधीच्या तासाला वर्गाकडे निघाले, तर ही दोरी खांद्यावर घेऊन पुढे. "आज मी घेते," म्हणाली. "पडलेबिडले तर धरायला तू मागे बस."

शेवटच्या बाकावर बसून मी तो तास ऐकला. पैसे घेऊन पापक्षमेच्या चिठ्ठ्या कशा विकल्या ते तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. एका मठातल्या साधूनं तक्रारी लिहून काढल्या, छपाईच्या यंत्रानं त्या गावोगाव पोचल्या, तेही सांगितलं. मग खुर्चीवर टेकून म्हणाली, "कोण बरोबर, कोण चूक, हे परीक्षेत विचारत नाहीत. कारणं विचारतात, परिणाम विचारतात. एक परिणाम पुस्तकात नाही, तो ऐका. एका घरात बाप इकडच्या देवळात गेला आणि मुलगा तिकडच्या. दोघांचा देव एकच होता. दोघंही खोटं बोलत नव्हते. आणि जेवायच्या वेळी एक ताट कमी मांडलं जायला लागलं. अशी किती घरं असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही." मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग ते परत एक झाले का?" फिलोमिनानं दोरीचं टोक हाताला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "पुस्तकात नाही झाले," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती मला घेऊन चारकोपला गेली. नव्या सेक्टरांमध्ये तेव्हा अर्धी घरं बांधून झालेली, अर्धी विटांच्या ढिगात. पास्कूनं दार उघडलं आणि तिची झालेली दशा पाहून दाराची कडी धरून उभाच राहिला. भिंती कोऱ्या, एक कॅलेंडर तेवढं. त्याची बायको चहा टाकायला गेली. मग त्यानं विचारलं, "दोरी आहे अजून?"

"आहे."

"निळ्या चिंधीखालचा जोड टिकला?" तेव्हा मला कळलं की दोर अपुरा पडला म्हणून त्यानं तिथं दुसरा तुकडा जोडला होता, पीळ उलगडून एकात एक विणून, आणि तो जाड जोड झाकायला फिलोमिनानं त्यावर चिंधी बांधली होती.

"पोरं इतकी ओढतात, तरी टिकला."

"मी आयेला विसरलो नाही गं..." तो एकदम म्हणाला.

"मला ठाऊक आहे रे. मी काय तुला ओळखत नाही?" तिनं त्याचा हात धरला. "माझं एक ऐक. मी गेले की माझ्या मातीला ये. मेणबत्ती लावू नकोस, गुडघे टेकू नकोस, कोण म्हणतो टेक म्हणून? पण मूठभर माती तुझ्या हातची पाहिजे."

"बापूस येऊ देईल?"

"त्याला मी सांगते."

तिनं सांगितलंही. आंतोनकाका ऐकून काही न बोलता जाळं विणायला ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ती मला उत्साहानं म्हणाली, "माझ्या बापसाला नाही म्हणायचं असलं तर तो लगेच म्हणतो." त्या एका न उच्चारलेल्या 'नाही'वर तिनं शेवटचे तीन महिने काढले. बोरिवलीच्या हॉस्पिटलात दाखल झाली, तेव्हा दिवसा बाप असायचा, कारखाना सुटल्यावर भाऊ. दोघांची गाठ पडू नये म्हणून त्यांच्या वेळा मीच लावून दिल्या होत्या. ती उशीवरून हसायची, "शालू, तुझी दोन पाळ्यांची शाळा झकास चाललीय." पण तिचा जीव त्यातच अडकला होता. शुद्धीवर असली की एकच विचारायची, "येऊ देईल ना गं?" मी दर वेळी हो म्हणायचे. मला काय माहीत होतं?

पास्कू निरोप घेऊन आला त्या दिवशी दुपारी तिला गोराईला न्यायचं होतं. गावातली माणसं होडी घेऊन आली. पास्कूही होडीत चढला. कुणी त्याला ये म्हणालं नाही, नको म्हणालं नाही. पाणी उतरत होतं, पलीकडे धक्क्याला लागायच्या आधीच होडी चिखलाला घासायला लागली. धक्क्यावर गाव जमलेलं, आणि सगळ्यांच्या पुढे आंतोनकाका, पांढऱ्या सदऱ्यात. होडी वळायला लागली, कुणीतरी "दोर, दोर" ओरडलं, आणि पुढच्या टोकाला, नाळेवर उभ्या असलेल्या पास्कूनं, लहानपणापासूनची सवय म्हणून, दोराची वेटोळी उचलून धक्क्याकडे फेकली. ती आंतोनकाकांनी झेलली, त्यांच्याही हाताला सवय. खांबाला वेढा दिला, आणि मग दोघांनी वर पाहिलं. एक टोक बापाच्या हातात, एक लेकाच्या, मधे ती झोपलेली. कुणी हलेना. होडीला ओहोटीचा हिसका बसला. आंतोनकाका म्हणाले, "ओढ. पाणी उतरतंय."

चर्चमध्ये पास्कू आला नाही. मिस्सा चालू असताना तो दाराबाहेर उन्हात उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. मिस्सा संपल्यावर काका स्वतः बाहेर आले आणि "खांदा दे" म्हणाले. कबरीपाशी त्यानं मेणबत्ती लावली नाही. माती दिली. एकदा दिली, परत वाकला, परत दिली, मग काकांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाजूला घेतलं. मी तेव्हा रडले. फिलोमिनासाठी नंतर रडले, आधी त्या हातासाठी.

पण कादंबरीत होतं तसं काही झालं नाही. पास्कू त्याच संध्याकाळच्या होडीनं चारकोपला परतला. उंबरा तिथंच राहिला. पंधरा दिवसांनी मी तिचं शाळेतलं कपाट आवरलं तेव्हा दोरी सापडली. घरच्यांची वस्तू म्हणून ती गोराईला घेऊन गेले. आंतोनकाका ओट्यावर बसून एकेका चिंधीवरून बोटं फिरवत गेले. इतिहास त्यांना ठाऊक नव्हता, दोर ठाऊक होता. निळ्या चिंधीपाशी बोटं थांबली. चिंधी सोडून त्यांनी जोड दोन्हीकडून ओढून पाहिला. "सैल झालाय. यंदा सुटेल," म्हणाले. "ज्यानं घातला त्याला सांग, नीट करून दे म्हणून."

"तुम्ही सांगा ना, काका."

दोरीची वेटोळी करून त्यांनी ती आपल्याजवळच ठेवली.

परवा शाळा उघडायच्या आधीची सभा होती. स्टाफरूममध्ये मी एकटी बसले होते, आणि पास्कू दोरी खांद्यावर घेऊन आला. जोड नवा होता, घट्ट; सोडलेली निळी चिंधी त्यानं बाकावर ठेवली. "बापसानं निरोप धाडला होता," तो म्हणाला. "ओट्यावर बसून केला. त्यानं एक टोक पायात धरलं, मी विणलं."

"बोललात काही?"

"काय बोलणार? 'घट्ट ओढ, पोरं ओढणार हाय' म्हणाला."

"आत गेलास?"

"नाही. त्यानं बोलावलं नाही, मी विचारलं नाही. चहा बाहेर आणला त्यानं. दोन कप."

तो न जाता तसाच उभा राहिला, म्हणून मी हाताला काम म्हणून दोरी वितीनं मोजायला घेतली. जांभळ्या चिंधीपासून जोडापर्यंत एक वीत कमी भरली. पुन्हा मोजली, तरी कमी. "अरे, शंभर वर्षं गेली की रे इथली," मी म्हणाले.

"जाणारच ना, बाई," पास्कू म्हणाला. "जोड घालायचा तर दोन्ही टोकांची थोडी दोरी जातेच."

ऐकलंस का गं, असं म्हणत मी बाकावर शेजारी वळले... मग तिची निळी चिंधी उचलली आणि जोडावर बांधली.